गाडी ट्यून, वॉरंटी गुल?

लॅपटॉप जोडला, तासाभरात गाडीची ताकद वाढली. मस्त! पण पुढच्या सर्व्हिसिंगला न्यायची कुठे? परफॉर्मन्स मॉडचं फॅड पुण्या-मुंबईतून थेट शिंदखेड्यापर्यंत पोचलंय. त्याच्या मागोमाग डीलरचा नकारही...

शनिवारी दुपारी शहरातल्या कुठल्याही ट्यूनिंग शॉपवर चक्कर मारा. बाहेर तीन-चार हॅचबॅक, एखादी सेडान, हल्ली एखादी कॉम्पॅक्ट एसयूव्ही. मालक पंचविशी ते पस्तिशीतले, गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड. आत एकजण गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावून लॅपटॉपवर काहीतरी करतोय. तासाभराने मालक एक राउंड मारून येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर ते टिपिकल हसू असतं. 'अरे, ही माझीच गाडी आहे ना?'

याला म्हणायचं रीमॅप. आजच्या गाडीचं इंजिन चालवतो तो ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर. किती हवा आली की किती इंधन सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, टर्बोने किती दाब द्यायचा, हे सगळं त्याच्यातल्या आकड्यांच्या तक्त्यांमध्ये लिहिलेलं असतं. ट्यूनर ते आकडे बदलतो. बॉनेट उघडायचीही गरज पडत नाही. टर्बो गाडी असेल तर वीस-तीस टक्के ताकद वाढल्याचे दावे सर्रास ऐकू येतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत मात्र बहुतेक वेळा फरक खिशालाच जास्त जाणवतो!

जोडीला जास्त हवा घेणारा एअर फिल्टर, मोकळा श्वास घेणारा सायलेन्सर, कडक स्प्रिंगा, रुंद टायर. ईएमआय चालू असतानाच दुसरा ईएमआय सुरू झाल्यासारखं. हौसेला मोल नसतं, त्यामुळे त्यावर मी काही बोलणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. गाडी वॉरंटीत आहे, वर्षातून एकदा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायचीच आहे. तिथे काय होतं?

पंपाची तार

माझी आत्या शिंदखेड्याला असते. धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन. आतेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पुण्यात आयटीत होता. लॉकडाऊनमध्ये घरी गेला तो वर्क फ्रॉम होम करत तिथेच राहिला. पुण्याचा पगार आणि शिंदखेड्याचा खर्च, म्हणजे काय चैन असते ते विचारू नका. त्या चैनीतून आली एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक. एमएच-१८. आणि वर्षभराच्या आत तिचा रीमॅप झाला.

'पाच मिनिटं लवकर पोचून तू तिकडे करतोस काय?' हा आत्याचा प्रश्न. त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.

पण गावात या प्रकाराचं कुणालाच अप्रूप नव्हतं, ही गंमत. बसस्टँडकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. भाऊने त्यांना मोठ्या कौतुकाने रीमॅप म्हणजे काय ते समजावलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हनजे पंप वाढाडा ना!'

आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. जुन्या डिझेल इंजिनात पंप जास्तीत जास्त किती डिझेल सोडेल, ते एका स्क्रूवर ठरतं. स्क्रू फिरवला की डिझेल जास्त, ताकद जास्त, धूर तर विचारूच नका. कपाशीची ट्रॉली भरून ओढायची असली की खान्देशात कित्येकांनी ते केलंय. कंपनीलाही हे माहीत. म्हणून स्क्रूला बारीक तार ओवून वर शिशाचं सील मारलेलं असायचं. नाना सांगतात, 'गाडी तुनी शे भो, पण सील कंपनीनं शे. तार तुटनी म्हनजे वॉरंटी गयी समज.'

भाऊला वाटत होतं आपल्या गाडीत तार कुठे आहे? सगळं सॉफ्टवेअरमध्ये. डोळ्यांना दिसणार काय? ट्यूनरनेही छातीठोक सांगितलेलं, 'टेन्शन नॉट, डीलरला कळतच नाही.'

तार होती. फक्त तिचा आकडा झाला होता.

स्कॅनर चुगली करतो

गावात कंपनीचं वर्कशॉप नाही. बऱ्याच ब्रँड्ससाठी धुळ्याला जावं लागतं. भाऊच्या गाडीसाठी तर थेट नाशिक, म्हणजे दोनेकशे किलोमीटर. चिमठाणेमार्गे सोनगीरला मुंबई-आग्रा महामार्ग गाठायचा आणि सरळ सुटायचं. ज्यांना सर्व्हिस सेंटर ऑफिसपासून दोन सिग्नलवर आहे, त्यांनी हे अंतर डोळ्यांसमोर ठेवा. कारण नकार मिळाला तर 'चला, दुसऱ्या डीलरकडे बघू' म्हणायची सोय इथे नसते.

मे महिना होता. पारा ४२-४३ च्या पुढे जाणं धुळे-जळगावला नवीन नाही. नेमका तेव्हाच एसी गार करेना. दुसरं वार्षिक सर्व्हिसिंगही होतं. मी त्या आठवड्यात आत्याकडेच होते, म्हणून सोबत गेले.

सर्व्हिस अॅडव्हायझर तिशीचा, नम्र, शर्टाला इस्त्री. त्याने गाडी बेवर घेतली, डायग्नोस्टिक केबल लावली. एसीत गॅस कमी, गळती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये. म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचं काम. वॉरंटीत आहे, काळजी नाही, असं म्हणेपर्यंत तो आत जाऊन परत आला.

'सर, ईसीयू मॉडिफाइड दाखवतंय. वॉरंटी क्लेम होणार नाही.'

'इंजिनचा ना? एसीचा तर होईल?'

'कुठलाच नाही सर. सिस्टिममध्ये गाडीच ब्लॉक झालीय.'

कॉइल आणि मजुरी मिळून बावीस हजारांचं एस्टिमेट. भाऊने ते काम केलं नाही. ऑइल, फिल्टर बदलून, पैसे भरून आम्ही काचा खाली करून शिंदखेड्याला परत आलो. दोनशे किलोमीटर, भर मे महिन्यात. मी हा लेख लिहायचं त्या प्रवासात ठरवलं.

तर, डीलरला कळतं कसं? ईसीयूतल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला एक ओळख क्रमांक असतो. आतल्या आकड्यांवर गणित करून काढलेला एक पडताळणी क्रमांकही असतो, त्याला सीव्हीएन म्हणतात. तक्त्यातला एक आकडा बदलला की हा क्रमांक सहसा बदलतो. कंपनीकडे मूळ क्रमांकांची यादी असते, स्कॅनर दोन्ही जुळवून बघतो. शिवाय बऱ्याच ईसीयूमध्ये आतलं सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी राहते. म्हणून 'सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी स्टॉक फाइल टाकून घ्या, काम झालं की परत ट्यून टाकू' हा जो लोकप्रिय फंडा आहे, तो हमखास चालेलच असं नाही. फाइल मूळची झाली, पण मोजणी दोनने वाढली!

फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांचे जगभरातले शौकीन 'टीडी-वन' या दोन अक्षरांना घाबरून असतात. ईसीयूमध्ये छेडछाड आढळली की गाडीच्या नोंदीवर पडणारा हा शिक्का. तो पडतो चासी नंबरवर, म्हणजे एका वर्कशॉपने मारलेला शिक्का दुसऱ्या वर्कशॉपच्या स्क्रीनवरही उमटतो. इतर कंपन्यांमध्ये नावं वेगळी, तऱ्हा साधारण तीच.

आणि हे प्रकरण महाराष्ट्राच्या फार जवळचं आहे बरं का. स्कोडाने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २००१ मध्ये ऑक्टाव्हिया बनवायला सुरुवात केली. २००४ मध्ये तिचीच आरएस आवृत्ती आली, दीडशे अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल, आणि एका अख्ख्या पिढीला टर्बोची चटक लागली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ चा. तिथे बनलेली पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण ट्यूनिंग शॉपच्या बाहेर अजूनही दिसतेच. आणि रांजणगावला फियाटचं ते सुप्रसिद्ध १.३ लिटर डिझेल इंजिन. मारुतीने तेच इंजिन परवान्यावर बनवून स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीला विकलं, तर सियाझमध्ये ९०ला. लोक म्हणाले, बघा, कंपनी पंधरा घोडे लपवून ठेवते! पण नव्वदवाल्या इंजिनात टर्बोही वेगळ्या जातीचा होता, हे मात्र ट्यूनर सांगायला विसरायचे.

कंपनी थोडं हातचं राखते, हे खरं. पण ते कशासाठी? भेसळीचं इंधन, चुकलेलं सर्व्हिसिंग, घाटातला चढ आणि उन्हाळा यांच्यासाठी. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेरचीच हवा तापलेली असेल तर ती आणखी तापते, इंजिनात इंधन अवेळी भडकायला लागतं आणि 'टकटक' सुरू होते. ईसीयू लगेच ठिणगी मागे घेतो, ताकद कमी करतो आणि पिस्टन वाचवतो. म्हणजे पुण्यात डिसेंबरमध्ये मिळालेले तीस घोडे सोनगीरच्या रस्त्यावर मे महिन्यात निम्मे तरी उरतात का, ही शंकाच आहे. ट्यूनरकडे गेलात तर हा एक प्रश्न जरूर विचारा, की हा मॅप कुठल्या हवेत आणि कुठल्या पेट्रोलवर तपासलाय? उत्तर देताना तो अडखळला तर तिथून निघा.

एसीचा आणि टर्बोचा काय संबंध?

नाशिकहून आल्यावर भाऊ दोन दिवस धुमसत होता. तिसऱ्या दिवशी त्याने ते केलं जे आपण कुणीच करत नाही. ग्लव्ह बॉक्समधून वॉरंटीचं पुस्तक काढून वाचलं.

इथेच खरी मेख आहे, म्हणून जरा थांबते. ही पुस्तकं साधारण दोन प्रकारे लिहिलेली असतात. काहींमध्ये असतं की मॉडिफिकेशनमुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. काहींमध्ये असतं की मॉडिफाय केलेली गाडी वॉरंटीत येणार नाही. वाचताना फरक जाणवत नाही, पण बिलावर बावीस हजारांनी जाणवतो! पहिल्या वाक्यात कंपनीला बिघाडाचा आणि मॉडचा संबंध जोडावा लागतो. दुसऱ्यात जोडावा लागत नाही. भाऊच्या पुस्तकात पहिलं वाक्य होतं. रीमॅपमुळे टर्बो गेला, क्लच घसरला, गिअरबॉक्स कुरकुरला तर गोष्ट वेगळी. पण डॅशबोर्डमागची अॅल्युमिनियमची कॉइल इंजिनच्या तक्त्यातल्या आकड्यांमुळे गळते, हे कुणी सिद्ध करून दाखवावं!

अमेरिकेत यासाठी १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदा आहे. बाहेरचा पार्ट बसवला एवढ्याच कारणावर कंपनी वॉरंटी उडवू शकत नाही, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे दाखवावं लागतं. आपल्याकडे नेमका असा कायदा नाही. पण त्याच्या जवळ जाणारा एक निकाल मात्र आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की गाड्यांच्या कंपन्या सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजला मिळूच देत नाहीत. तक्रार होती तीन कंपन्यांविरुद्ध, चौकशीत जवळजवळ अख्खी इंडस्ट्री आली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या, ती लढाई पुढे बरीच लांबली. पण आपल्या कामाचा मुद्दा त्या आदेशाच्या शेवटाकडे आहे. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट नको, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल, असं आयोगाने म्हटलं.

आता स्पष्टच सांगते, तो निकाल दुरुस्तीबद्दल होता, रीमॅपबद्दल नव्हता. 'आयोगाने मॉडला परवानगी दिली' असं कुणी काउंटरवर जाऊन सांगितलं तर हसं होईल. पण 'जेवढ्यास तेवढं' हा जो विचार आहे, तो पत्रात लिहायला फार उपयोगी पडतो.

भाऊने पत्र लिहिलं. डीलरला नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला. हेही समजून घेण्यासारखं आहे. वॉरंटीचं काम डीलर करतो, पैसे त्याला नंतर कंपनी देते. पुढे तपासणीत कंपनीने क्लेम नाकारला तर भुर्दंड डीलरला. त्यामुळे स्क्रीनवर शिक्का दिसला की अॅडव्हायझर आपल्या अंगावर काहीच घेत नाही. तो खडूस नसतो, त्याच्या हातात ते नसतं. त्याच्याशी भांडण्यात दुपार घालवू नका.

भाऊचं मेल साधं होतं. चासी नंबर, किलोमीटर, जॉब कार्डची प्रत. गाडी रीमॅप केलेली आहे हे पहिल्याच ओळीत कबूल. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल माझा दावा नाही, हे दुसऱ्या ओळीत. आणि मग एकच प्रश्न. वॉरंटी पुस्तकातल्या कुठल्या कलमाखाली कूलिंग कॉइल नाकारली, ते लेखी कळवा.

आठवड्याने एक गोलमोल उत्तर आलं. त्याने तेच मेल परत पाठवलं, यावेळी इतकंच वाढवून की उत्तर नाही आलं तर मी धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही एक झकास सोय आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं हेडऑफिस कुठे का असेना. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, ती भाऊने केलीही.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या एरिया मॅनेजरचा फोन आला. कॉइल वॉरंटीत बदलून मिळेल. इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांची वॉरंटी संपली ती संपलीच. भाऊ म्हणाला, 'हेच तर मी म्हणत होतो!' पुन्हा नाशिक, पुन्हा दोनशे किलोमीटर. पण येताना काचा वर!

आरसीवरचा रकाना

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, म्हणजे एक मेल टाकायचं की काम झालं. थांबा. या गोष्टीची दुसरी बाजू डीलरच्या काउंटरच्या पलीकडे, आरटीओत आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. नव्या आरसी कार्डाच्या मागे हॉर्सपॉवरचा रकाना असतो, तो एकदा बघून ठेवा. रीमॅप रस्त्यावर उभ्या पोलिसाला दिसत नाही, त्यामुळे कुणी पकडत नाही. पण मोठा अपघात झाला, विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याला ते दिसलं, तर? पॉलिसी घेताना न सांगितलेला बदल हे क्लेम अडवायला आयतं कारण. सर्व्हिस सेंटरमधले बावीस हजार त्यापुढे किरकोळ वाटतील.

सीएनजी किटची गोष्ट याच्या उलट. इंजिनमध्ये बाहेरून केलेला बदल तोही, पण त्याला कायद्यात वाट आहे. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त बसवणारा, आरसीवर नोंद, विम्यात नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी. अशा किटची तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची, आपल्या कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आहे. रीमॅपला अशी खिडकी का नसावी, हा भाऊचा प्रश्न मला पटतो. तपासून घ्या, धूर मोजा, आरसीवर नवा आकडा लिहा, विम्याचा हप्ता वाढवा. जर्मनीत बदललेली गाडी तपासणी संस्थेला दाखवून कागदांवर नोंदवून घेता येते. आपल्याकडे मात्र सगळं चोरून, आणि चोरून म्हणून कसंही.

कंपन्यांना नैतिकतेचा फार मोठा आव आणायला जागा नाही, हेही जाता जाता. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी चुकवणारी करामत केल्याचं अमेरिकेत उघड झालं. आपल्याकडे एआरएआयच्या तपासणीनंतर त्या ग्रुपला सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तोही एक रीमॅपच होता म्हणायचा!

पण म्हणून डिझेलवाल्यांनी पार्टिक्युलेट फिल्टर काढून टाकणं किंवा पेट्रोलवाल्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवणं, याला माझ्याकडून शून्य सहानुभूती. तो धूर मागच्या स्कूटीवालीच्या नाकात जातो. अशी गाडी डीलरने दारातूनच परत पाठवली तर मी त्याच्या बाजूने आहे. तसंच पिस्टन वितळवून, रातोरात स्टॉक फाइल टाकून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने इंजिनचा क्लेम करणाऱ्यांबद्दल. ती चतुराई नाही, सरळ फसवणूक आहे. आणि त्याचा त्रास पुढच्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला होतो, कारण डीलर मग प्रत्येकाकडे संशयाने बघतो.

काउंटरवर काय बोलायचं?

मॉड केलंच असेल तर लपवाछपवीपेक्षा आधी फोन करणं स्वस्त पडतं. सगळे डीलर सारखे नसतात. काही जण पैसे घेऊन ऑइल-फिल्टर-ब्रेकचं काम आनंदाने करतात, काही जण बदललेल्या गाडीला हातच लावत नाहीत. नाशिकला जायचं तर हे घरून निघण्याआधी कळलेलं बरं. शक्य असेल तर मेलवर विचारा, म्हणजे हातात कागद राहतो.

जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यावर दोन गोष्टी लिहून घ्या. एक, बसवलेले बाहेरचे पार्ट कोणते. नाहीतर 'हा फिल्टर आमचा नाही' म्हणून काढून ठेवतात आणि तुमचा तीन-चार हजारांचा फिल्टर स्टोअरमध्ये हरवतो. दुसरी, ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी विचारा. सर्व्हिसिंगमध्ये कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं की तुमचा मॅप पुसला जातो. गाडी घेऊन बाहेर पडल्यावर 'पिकअप का नाही' म्हणून डोकं खाजवणारे कित्येक महाभाग आहेत. मात्र अपडेट सुरक्षेच्या रिकॉलसाठी असेल तर मुकाट्याने घ्या, मॅप परत टाकता येतो. रिकॉल ही मेहेरबानी नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कायद्यात आहे.

काढलेले मूळ पार्ट फेकू नका. एअर बॉक्स, सायलेन्सर, स्प्रिंगा, सगळं जपून ठेवा. शिंदखेड्यात घराला माळवद आणि अंगण असतं म्हणून भाऊला जागेची अडचण नाही. वन बीएचकेवाल्यांनी पलंगाखाली बघावं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचं पुस्तक वेगळं असतं आणि शब्द बहुधा जास्त कडक, तेही वाचा. वॉरंटीचे सहा महिनेच उरले असतील तर, माझं ऐकाल तर, तेवढा धीर धरा. सहा महिन्यांत इंजिन काही म्हातारं होत नाही.

बाहेरचा चांगला मिस्त्री हा पर्याय आहेच. पण त्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आणि अस्सल पार्ट मिळण्याची वाट आहे का, ते बघावं लागतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्यांचा विभागही आहे. शहरात मल्टिब्रँड गॅरेजेस बरी मिळतात. तालुक्याच्या गावी मात्र नानांसारखे हात असतात आणि सॉफ्टवेअर नसतं. नाना आवाज ऐकून बेअरिंग ओळखतात, पण भाऊच्या गाडीला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. 'हाईनं काय बोलस ते माले ऐकू येत नही,' म्हणतात.

भाऊची गाडी सध्या ट्यूनवरच चालू आहे. इंजिनची जबाबदारी आता आपली, म्हणून दर महिन्याला तो थोडे पैसे वेगळे ठेवतो. पुढच्या वर्षी विकायची म्हणतोय. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दुसरा मालेगावचा होता, हुशार निघाला. गाडीभोवती फिरला नाही, बॉनेट उघडलं नाही. आधी चासी नंबर मागितला, डीलरकडे फोन लावला आणि मगच चहाला बसला. भाऊने त्याला रीमॅपची पावती दाखवली, कॉइलचं जॉब कार्ड दाखवलं, अंगणातला मूळ सायलेन्सरही दाखवला. गिऱ्हाइकाने चहा संपवला आणि सांगितलेल्या किमतीतून पंचवीस हजार कमी करून मागितली. बोलणी अजून चालू आहेत.